रिकाम्या जागेचं शून्य

४ जानेवारी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार वगैरे सगळं मनात म्हटलंय, ते धरून चाल. बाबा म्हणाले, फोनवर आता तुला शब्द लागत नाहीत, आणि मोबाइलवर लिहिलेलं तू वाचत नाहीस. "ती अक्षरं आहेत की मुंग्या," असं म्हणालीस म्हणे. म्हणून हा कागद. शाळा सुटल्यापासून मी हाताने एवढं लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

बातमी अशी की मी तुझ्या खुर्चीत बसलेय. अगदी खरोखरची खुर्ची. हॉस्पिटलच्या संगणक विभागाची मागची खोली, खिडकीजवळची जागा, आणि डावं चाक अडकणारी ती खुर्ची. शिपाईमामा म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंनी दहा वेळा अर्ज केला होता खुर्चीसाठी. आता तुम्ही करा."

मार्चअखेर सगळा डेटाबेस नव्या मशीनवर हलवायचाय, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. आत तुझी बासष्ट फंक्शनं आणि प्रोसिजरी आहेत, सगळ्या जावा भाषेत लिहिलेल्या. वरच्या मजल्यावरची मंडळी कपाळाला हात लावतात. "डेटाबेसच्या पोटात जावा कुणी घातलं?" मी म्हटलं, माझ्या आत्याने, आणि बाहेरच्या कार्यक्रमांपेक्षा तेच जास्त नीट चालतंय. 

एक विचारायचं होतं. रोज सकाळी सहाला चालणारी ती प्रोसिजर, जी रक्ताचे रिपोर्ट बघते आणि कुणाला फेरतपासणीचं पत्र पाठवायचं ते ठरवते, तिची आधीची आवृत्ती कुणा 'मास्तरां'ची होती असं दिसतं. डेटाबेसच्या स्वतःच्या भाषेतली, जेमतेम वीस ओळींची. तू ती जावात का नेलीस? हलवायच्या आधी कारण माहीत असलेलं बरं.

तुमच्या घराचा पत्ता लिहिताना आतोबांची फार आठवण आली. मला पाकिटावर पत्ता कसा लिहायचा ते त्यांनी शिकवलं होतं. गाव खाली आणि ठसठशीत, "कारण पत्रं लावणारा माणूस आधी तेच बघतो." लिहिलाय बघ तसाच.

तुझी,
चिंगी

१५ जानेवारी

चिंगे,

अनेक आशीर्वाद, आणि अक्षरासाठी एक टपली. कोंबडीचे पाय बरे.

पण पत्र आलं म्हणून दिवस बरा गेला. हल्ली घरात इतकी शांतता असते की कान गेलेत हे कळायलाच मला वर्षभर लागलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मास्तर माझ्या आधी त्या खुर्चीत होते. माणूस सज्जन, पण जुन्या चाकोरीतला. डेटाबेसची स्वतःची भाषा 'अमुक इतके रुग्ण दाखव' म्हणायला उत्तम. पण सुट्ट्या वगळून पंधरावा दिवस काढ, एकाच घरातल्या दोघांना एकच पाकीट कर, पत्त्याच्या ओळी नीट लाव, असलं काही करायचं म्हटलं की तिच्या नाकी नऊ येतात. जावात ती कामं चुटकीसरशी होतात. आणि तेच जावा डेटाबेसच्या आत ठेवलं की माहिती बाहेर न्यायला नको. जिथे माहिती तिथेच काम. रुग्णांच्या फाइली इमारतीबाहेर जाता कामा नयेत हा माझा हट्ट होता. नातेवाइकाची फाइल आपल्यापैकी कुणी उघडायची नाही, हा नियमही माझाच.

लोक हसले, हॉस्पिटल चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या प्रोसिजरीवर मी चार महिने घालवले. अकरा वर्षांत तिच्यावर एक तक्रार नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आतोबांचं लिहिलंस. तू आता काही लहान नाहीस, तेव्हा तुला सांगायला हरकत नाही. तुला फक्त त्यांचं गोड गोड माहीत आहे.

त्यांच्या रक्ताची बाटली मी स्वतः लॅबच्या टेबलावर ठेवून आले होते. आकडा वाढलेला असेल तर पत्र येतं, पत्र नाही म्हणजे सगळं ठीक, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. मी विचारलं, पत्र आलं का? "नाही गं." पुन्हा विचारलं. "नाही गं बाई." मी म्हटलं, चला, सुटलो. आठ महिन्यांनी ह्यांची पाठ धरली तेव्हा डॉक्टरांनी फाइल उघडली. आकडा तेव्हाच तिप्पट होता! फाइलवर 'बंद' असा शेरा. आकडा ठीक असला किंवा पत्र गेलं, तरच तो पडतो. म्हणजे पत्र गेलंच असणार, डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, असणार काय, गेलंय. प्रोसिजर माझी आहे.

घरी येऊन मी ह्यांना धारेवर धरलं. रोज विचारायची. रोज "नाही आलं". शेवटी एका दुपारी म्हणाले, "हो, आलं होतं. भीती वाटली. फाडून टाकलं."

तीस वर्षं टपालखात्यात पत्रं लावण्यात गेली त्या माणसाची. अर्धवट पत्त्याचं पाकीट आलं तर घरी नकाशा उघडून बसायचे. आणि स्वतःचं पत्र फाडलं. माझ्यापासून लपवलं. त्यानंतर एकोणीस दिवस ते होते, चिंगे. मी औषधं वेळेवर दिली, अंथरूण बदललं, पण बोलले नाही. मला आजही तो राग गिळता येत नाही. खोटं का बोलावं? माझ्याशी?

असो. ते काम नीट कर. खुर्चीचा अर्ज अकराव्यांदा कर.

तुझी आत्या

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. काम फार आहे.

नव्या मशीनवर तुझी प्रोसिजर चालवून बघितली. चालली. पण एक गोष्ट अडली. चाचणीसाठी घेतलेल्या एका रुग्णाचा रिपोर्ट बाहेरच्या लॅबमधून यायचा होता, म्हणजे आकड्याची जागा रिकामी होती. प्रोसिजरीने त्याची फाइल त्याच सकाळी बंद केली. रिपोर्ट यायच्या आधीच. माझंच काही चुकलं असेल म्हणून तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच झालं.

त्या भागातल्या ओळी हाताने उतरवून सोबतच्या चिठोऱ्यावर देतेय. त्यात रुग्णाचं काही नाही, तेव्हा तुझा नियम मोडत नाही. रिपोर्टमधला आकडा तू 'डबल', म्हणजे साधा दशांश आकडा म्हणून उचलतेस, आणि लगेच पुढच्या ओळीत मर्यादेशी ताडून बघतेस. या दोन ओळींच्या मध्ये काही होतं का? म्हणजे उतरवताना कधी गळलं का, की मुळातच नव्हतं?

घाईत लिहितेय. इकडे सगळे ठीक. बाबांनी नवा चष्मा केलाय आणि तो शोधायला जुना चष्मा लावतात.

तुझी,
चिंगी

९ फेब्रुवारी

चिंगे,

चिठोरा दोनदा वाचला. मध्ये काहीही नव्हतं. गळलं नाही, मी लिहिलंच नाही.

तुला ठाऊक आहेच, तरी लिहिते, कारण मला ते कबूल करायचंय. डेटाबेसच्या स्वतःच्या भाषेत रिकामी जागा रिकामीच राहते. मर्यादेपेक्षा कमी आहे का म्हणून विचारलं तर 'हो' म्हणत नाही, 'नाही' म्हणत नाही. माहीत नाही, एवढंच. जावात मात्र त्या जागेतून साधा आकडा मागितला की हातात शून्य ठेवलं जातं. मग लगेच विचारायचं असतं, हे खरंच शून्य होतं की जागाच रिकामी होती? एका ओळीचा प्रश्न आहे. मी नवशिक्यांना तो कितीदा शिकवला असेल. आणि स्वतः विचारला नाही.

शून्य मर्यादेच्या आत, म्हणून रुग्ण ठीक, म्हणून फाइल बंद. बंद फाइल पुन्हा कुणी बघत नाही. नंतर खरा आकडा आला तरी तो वाचायला कुणी नाही. मास्तरांच्या वीस ओळी बरोबर होत्या. मी त्यांना मागासलेले म्हणत होते.

आता ऐक. आज, हे वाचून झाल्यावर लगेच, दुसरं काही न करता: ज्या फाइली रिपोर्ट यायच्या तारखेआधी बंद झाल्या आणि ज्यांचा आकडा नंतर मर्यादेबाहेर निघाला, तेवढ्याच काढ. साधा प्रश्न आहे, दोन मिनिटांत उत्तर येईल. यादी घेऊन थेट मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे जा. वरच्या मजल्यावर थांबू नकोस, तिथे आधी सभा घेतील. त्या लोकांना बोलवा. पत्राची वाट बघू नका, माणूस पाठवा दारात. चूक माझी आहे असं स्पष्ट सांग. सांभाळून घ्यायला जाऊ नकोस, मी लेखी देते.

किती माणसं आहेत ते मला कळव. आकडा कितीही असला तरी कळव.

तुझी आत्या

२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू सांगितलंस तसं केलं. मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः यादी घेऊन फोनवर बसल्या.

अकरा वर्षांत चाळीस माणसं. एरवी रिपोर्ट आपल्याच लॅबमध्ये त्याच दिवशी होतात, म्हणून कधी लक्षात आलं नाही. बाहेर गेलेलेच तेवढे सापडले. त्यातले बरेच एकाच काळातले आहेत, सहा वर्षांपूर्वी लॅबचं मशीन अठरा दिवस दुरुस्तीला गेलं होतं तेव्हाचे.

चाळीसपैकी सव्वीस जण येऊन तपासून गेले. सतरा जणांचं काही नाही, आकडा आपोआप खाली आलाय. सहा जणांवर उपचार सुरू झालेत. तिघांना उशीर झालाय. पाच जणांचा पत्ताच लागत नाही. नऊ जण राहिले नाहीत. त्यातले सगळेच यामुळे गेले असं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मी तुझ्यापासून काही लपवत नाही, कारण तू विचारलंस.

एक बाई तपासून परत जाताना माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "मुली, बरं झालं बोलावलंस." मला तोंड वर करता आलं नाही.

ती एक ओळ घातली. आता रिकामी जागा दिसली की प्रोसिजर फाइल उघडी ठेवते. तुझं लेखी निवेदन पोहोचलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कामं तपासायला दुसरा माणूस आम्ही कधी दिला नाही, तेव्हा ही एकट्या त्यांची चूक नाही. हे तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय.

जेवत जा वेळेवर. बाबा पुढच्या महिन्यात येऊ म्हणतात तुझ्याकडे.

तुझी,
चिंगी

६ मार्च

चिंगे,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. नऊ जण. त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं, मला कळत नाही. सांगायला तर हवंच.

आता माझा प्रश्न. तुझ्या पहिल्या पत्रात आतोबा होते. जन्मात तुझं मला एक पत्र, एक शुभेच्छा अशी आली नाही ज्यात ते नव्हते. या दोन पत्रांत एक शब्द नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या पत्रात चष्म्याचा विनोद घातलास आणि आतोबांना गाळलंस. मी म्हातारी झालेय, मूर्ख नाही.

सहा वर्षांपूर्वी मशीन दुरुस्तीला गेलं होतं म्हणतेस. मी बाटली टेबलावर ठेवली तेव्हा लॅबच्या दाराला काहीतरी चिकटवलेलं होतं. मी वाचलं नाही. वर माझ्या सर्व्हरचं काम खोळंबलं होतं, मी जिने चढत गेले. कालपासून तो कागद आठवायचा प्रयत्न करतेय.

चाळीस की एक्केचाळीस?

नियम माझाच आहे, नातेवाइकाची फाइल उघडायची नाही. पण तू यादी काढली असशील तर नाव आपोआप समोर आलं असेल. त्यात तुझा दोष नाही. मला खरं लिही. काहीच लिहिलं नाहीस तर मी 'नाही' असं धरून बसेन, आणि तसं धरून बसायची मला सवय आहे हे आता दोघींना कळलंय.

आत्या

१३ मार्च

आत्या,

एक्केचाळीस.

यादीत ते बाविसावे आहेत. नाव वाचलं आणि मी उठून बाहेर जिन्यात जाऊन बसले. त्यांची फाइल बाटली दिलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बंद झालीये. रिपोर्ट बाहेरून आला बाराव्या दिवशी. पत्र छापलंच गेलं नाही. त्यांना पत्र आलं नव्हतं, आत्या. ते पहिल्यापासून खरं सांगत होते.

अजून एक आहे. ते मी पाच वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि तुला सांगावं की नाही म्हणून चार दिवस हा कागद घेऊन बसलेय. पण तू म्हणालीस, खरं लिही.

शेवटच्या दिवसांत मी भेटायला आले होते. तू औषधं आणायला गेली होतीस. मी त्यांना म्हटलं, आतोबा, तुम्ही असं पत्र फाडाल हे मला पटतच नाही. ते हसले. म्हणाले, "फाडायला आलं तर पाहिजे." मी म्हटलं, मग आत्याला सांगा ना तसं! तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "सांगून बघितलं. पण मग ती विचार करत बसेल की पत्र का नाही आलं. आणि ती हुशार आहे, तिला सापडेल. मी आता चाललोच आहे. तिला त्या कामाशिवाय दुसरं काय आहे? राहू दे माझ्या नावावर."

मला तेव्हा वाटलं, आजारी माणूस आहे, स्वतःची अब्रू राखायला मलाही थाप मारतोय. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. म्हणून तुला बोलले नाही. मला माफ कर.

मी येऊ का? दोन दिवसांची रजा काढते.

चिंगी

२९ मार्च

चिंगे,

पत्र मिळालं. लगेच लिहायला जमलं नाही. तू यायचं विचारलंस त्याचं उत्तरही दिलं नाही, ते आता देते. ये. बाबांना घेऊन ये.

माफी तू मागू नकोस. तू भेटायला येणारी पोर. मी त्यांच्याबरोबर एकतीस वर्षं राहिले, आणि माझा विश्वास कशावर, तर मी लिहिलेल्या दोनशे ओळींवर. त्यांनी किती वेळा "नाही गं" म्हटलं असेल! शेवटी त्यांनी मला हवं ते उत्तर दिलं, आणि ते मात्र मी एका क्षणात खरं मानलं. एकोणीस दिवस, चिंगे. पाणी हवं का एवढंसुद्धा मी खुणेने विचारायची. ते दर वेळी "हो, बरं वाटेल" असं तोंडाने म्हणायचे. ते बोलायचे, मी नाही. किती रडले ते लिहीत नाही. हा कागद तिसरा आहे.

मी आणखी एक केलं होतं, ते तुला ठाऊक नाही. ते गेल्यावर त्यांच्या ऑफिसातली माणसं घरी आली होती. सात-आठ जण होते. एकाने विचारलं, एवढं अचानक कसं झालं? मी सगळ्यांसमोर म्हणाले, अचानक नाही, हॉस्पिटलचं पत्र आलं होतं, त्यांनी ते फाडून टाकलं. टपालातल्या माणसांसमोर! त्यांच्या पेशात याहून वाईट काही नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोलले. सगळे उठले. चहा तसाच ठेवून गेले.

म्हणून परवा तिथे गेले. जिथे पत्रं लावतात ती मोठी खोली अजून तशीच आहे, भिंतभर कप्पे आणि उभं राहून काम. त्या सात-आठांतले दोघेच उरलेत. एकाला ओळखलं, ते ह्यांच्या शेजारच्या कप्प्यावर असायचे. मला म्हणाले काहीतरी, ऐकू आलं नाही. मी जे घोकून गेले होते ते मोठ्याने म्हणून टाकलं. कान गेले की आवाजाचा अंदाज राहत नाही, तेव्हा सगळी खोली थांबली असावी. म्हटलं, ह्यांनी पत्र फाडलं नव्हतं. पत्र निघालंच नव्हतं. चूक माझी होती. मी तेव्हा तुमच्यासमोर खोटं बोलले, आज सांगायला आलेय.

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. मग खिशातून पेन काढलं, एका कोऱ्या फॉर्मच्या मागे लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. लिहिलं होतं, "वहिनी, ते आम्हाला त्याच दिवशी माहीत होतं. जिना उतरताना आम्ही सगळे तेच म्हणालो. तो माणूस पत्र फाडेल हे कोण खरं मानेल?"

तुझी आत्या